खांबेटे काकूंची चेन

सौमित्रला "एकदा येऊन जा रे" म्हटलं की घरी एक खोका येतो, हे आनंदीबाई खांबेट्यांना आता पाठ झालं होतं. गुडघे दुखतात म्हटलं, तेव्हा पाय दाबणारं यंत्र आलं. घर खायला उठतं म्हटलं, तेव्हा एक गोल डबा आला. त्याला हाक मारली की तो हवामान सांगायचा. आनंदीबाईंनी त्याच्याशी गप्पा मारून पाहिल्या; पण "आज भाजी काय केलीत?" असं तो कधी उलटून विचारीना. शेवटी त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालून त्यांनी तो कपाटावर ठेवून दिला. सौमित्र काही परदेशात नव्हता, हिंजवडीत होता. पण हिंजवडीहून सहकारनगरला यायचं म्हणजे काय, हे तो आईला इतक्या वेळा समजावून सांगायचा, की तेवढ्या वेळात तो येऊन चहा पिऊन परत गेला असता.

म्हणून मागच्या अंगणातली सुबाभूळ पडली, तेव्हा आनंदीबाईंनी आधी कचरूला फोन केला. झाड पडलं ते कसलंही निमित्त न होता. वारा नाही, वावटळ नाही. उभं राहून कंटाळलेल्या माणसाने बसकण मारावी तसं ते एका दुपारी आडवं झालं. मागचं दार, धुण्याचा दगड, वाळत घालायच्या तारा, सगळं त्याच्याखाली गेलं. झाडं कापणारा कचरू "उद्या येतो" म्हणाला, आणि पुढे रोज तितक्याच आपुलकीने "उद्या येतो" म्हणत राहिला. मग सौमित्रला फोन झाला.

"आई, दहा मिनिटांचं काम आहे. संडेला येतो आणि उडवून टाकतो," तो म्हणाला, आणि त्याच्याआधी खोका आला. खोक्यात विजेवर चालणारी करवत होती. लांब चपट्या पात्याभोवती सायकलसारखी चेन, आणि चेनला दात. रविवार आला, सौमित्र आला नाही. त्यानंतरच्या रविवारी त्याच्या ऑफिसात काहीतरी 'लाइव्ह' जाणार होतं.

मग आनंदीबाईंनीच पदर खोचला. मशीनला त्या भीत नव्हत्या. उभा जन्म त्यांनी याच बंगल्यात शिवणाचा क्लास चालवला होता. अडकलेली शटलं आणि तुटलेले पट्टे त्यांच्या बोटांना ओळखत होते. तेव्हा व्हरांडाभर मुली असायच्या. पुढे तयार कपड्यांनी क्लास बंद पाडला, मग खांबेटे गेले, आणि हळूहळू आजूबाजूचे बंगलेही गेले. त्यांच्या जागी लोखंडी फाटकांच्या उंच इमारती आल्या. आता कधीकधी अख्ख्या दिवसात आनंदीबाईंशी बोलणारी एकच बाई असायची, गॅस नोंदणीची. तीसुद्धा मराठीसाठी एक दाबा म्हणायची.

करवत सुरू झाली आणि घर आवाजाने भरून गेलं. आनंदीबाईंना ते आवडलं. शेजारच्या कुणाची तक्रार आली नाही, कारण दोन्ही बाजूंना जुन्या इमारती पाडून नव्या बांधायचं काम चालू होतं. त्या खडखडाटात एका करवतीचं काय घेऊन बसलात! रोज सकाळी थोडं थोडं करत त्यांनी फांद्या संपवल्या आणि बुंध्याला हात घातला. सोबतच्या माहितीपुस्तकातली अक्षरं मुंगीच्या पायाएवढी होती. ते त्यांनी 'वाचू सावकाश' म्हणून बाजूला ठेवलं होतं. त्यामुळे चेनला तेल लागतं, हे काही त्यांना कळलं नाही. चेन तापायला लागली. बुंध्यातून धूर यायला लागला. चेन सैल पडून पात्याखाली लोंबायला लागली, तरी आनंदीबाई रेटत राहिल्या; आणि एका सकाळी खाडकन आवाज झाला, चेन तुटली, सापासारखी उसळली आणि बाजूच्या बोळातून थेट पुढच्या अंगणात जाऊन पडली. दचकून मागे सरताना सुबाभळीची एक काटकी त्यांच्या गळ्यावर ओरखडा काढून गेली.

करवत मागच्या ओट्यावर ठेवून आनंदीबाई पुढच्या अंगणात आल्या. एक हात गळ्यावर, नजर जमिनीवर. त्याच वेळी समोरच्या इमारतीतले यज्ञेश्वर पानसे फिरून परत येत होते. पानसे त्या इमारतीचे अध्यक्ष. इतक्या वर्षांत ते आनंदीबाईंशी दोनदाच बोलले होते, आणि दोन्ही वेळा त्यांच्या झाडाच्या पानांविषयी.

"काय शोधताय?" त्यांनी फाटकाबाहेरून विचारलं.

"चेन गेली हो!"

पानसे जागच्या जागी थांबले. "कधी?"

"आत्ताच. एकदम तुटली आणि गेली."

"कुठल्या बाजूला?"

आनंदीबाईंनी कोरफडीच्या वाफ्याकडे बोट दाखवलं. कोरफडीच्या पलीकडे कुंपण होतं, आणि कुंपणापलीकडे पर्वतीकडे जाणारा रस्ता.

"तरीच!" पानसे म्हणाले. "आत्ताच एक मोटारसायकल भरधाव गेली तिकडे. तुम्ही आत जा. दार लावून घ्या, पाणी प्या. बाकी मी बघतो."

"अहो, पण पाणी कशाला..."

पानसे वळलेसुद्धा. आनंदीबाईंना मोठं नवल वाटलं. करवतीची चेन तुटली म्हणून या माणसाच्या डोळ्यांत एवढी कणव! उगाच आपण त्यांना तुसडे समजत होतो. चेन कोरफडीतच सापडली. ती वर्तमानपत्रात गुंडाळून, चहाचं आधण ठेवताहेत तोच दाराची घंटा वाजली.

दारात सहा-सात बायका उभ्या होत्या. सगळ्यांत पुढे तुळजाबाई बेलदरे, समोरच्या इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या. बेलदऱ्यांची कात्रजला शेती होती; आता त्या शेतीवर इमारती उभ्या होत्या. मुलांनी आईला 'चांगल्या वस्तीत' आणून ठेवलं होतं, आणि तेव्हापासून तुळजाबाई बहुतेक वेळ गॅलरीत उभ्या दिसायच्या. आनंदीबाईंनी त्यांना रस्त्यापलीकडून पाहिलं होतं. आवाज आज पहिल्यांदाच ऐकला.

"ताई, लागलं न्हाई ना कुटं?" तुळजाबाई म्हणाल्या, आणि लगेच मागून कुणीतरी ओरडलं, "अगं बाई, गळ्याला बघा, ओरखडा!"

"ती काटकी लागली हो," आनंदीबाई म्हणाल्या.

"ढकललं वाटतं मेल्याने झुडपात!" सगळ्या आत आल्या. एकीने आनंदीबाईंना खुर्चीत बसवलं, दुसरीने स्वयंपाकघरात जाऊन त्यांच्याच आधणात आलं किसून घातलं. तिसरीने आपल्या नणंदेची चेन कशी गेली ते सांगायला घेतलं. तिचं संपायच्या आत चौथीच्या मावशीचं मंगळसूत्र गेलं.

एवढं झाल्यावर आनंदीबाईंच्या डोक्यात उजेड पडला. "अहो, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. माझी चेन..."

"केवढी होती?" तळमजल्यावरच्या स्वरालीने विचारलं. ती घरून काम करायची. आत्ताही तिच्या एका कानात मीटिंग चालू होती.

"सोळा इंची."

"म्हणजे अगदी गळ्यालगतची. जड होती?"

"जड म्हणजे, चांगलीच. पण ऐका..."

"डिझाइन कसलं?"

"दात होते तिला."

"अय्या, दातेरी! आता मिळतसुद्धा नाही तसली घडण. कुणी केली होती?"

"सौमित्रने पाठवली होती," आनंदीबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"मुलाने दिलेली!" कुणीतरी हळूच म्हणालं. तुळजाबाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि आनंदीबाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

आता सांगायलाच हवं होतं. आनंदीबाईंनी तोंड उघडलंही. पण तो हात खरखरीत आणि ऊबदार होता, आणि असा हात कुणी धरला त्याला किती काळ लोटला, हे आठवायच्या नादात शब्द मागे राहिले. सांगू, चहा झाल्यावर सांगू, असं त्यांनी ठरवलं. चहा झाला तर पोहे आले. पोह्यांच्या मध्ये कशी सांगायची असली गोष्ट? दुपारी एकीकडून डबा आला, संध्याकाळी दुसरीकडून शिरा. रिकाम्या डब्यातून काहीतरी घालून परत द्यायचं म्हणून आनंदीबाईंनी फार दिवसांनी चिवडा केला. खोटं असं त्या काहीच बोलल्या नव्हत्या. खरं तेवढं अर्धवट राहिलं होतं.

इकडे पानसे कामाला लागले होते. त्यांनी गल्लीची सभा घेतली. फाटकाफाटकांवर पाटी लागली: 'या गल्लीत विनाकारण फिरणाऱ्यांनी कारण सोबत आणावे.' सकाळी आणि संध्याकाळी पुरुषांची गस्त सुरू झाली. हातात काठ्या, गळ्यात शिट्ट्या. एकमेकांना लिफ्टमध्ये पाहून मोबाइलमध्ये डोकं घालणारी माणसं आता कोपऱ्यावर उभी राहून राजकारणावर भांडू लागली. काकूंना एकटं सोडायचं नाही असं ठरलं. स्वराली सकाळी लॅपटॉप घेऊन त्यांच्या व्हरांड्यात बसायची, आणि दुपारी तुळजाबाई यायच्या.

तुळजाबाई येताना निवडायची भाजी घेऊन यायच्या. "घरी बसून निवडायची, ती हितं निवडती," एवढंच सांगायच्या. दोघी मेथी खुडत बसायच्या. गाईंची नावं, क्लासच्या मुलींची नावं, सुनांच्या सवयी, जावयांचे आजार, असं काहीबाही बोलणं चालायचं. बोलणं संपलं तरी तुळजाबाई उठायच्या नाहीत, आणि आनंदीबाईंना ते गप्प बसणंसुद्धा भरल्यासारखं वाटायचं. मध्येच मनात टोचायचं. आज सांगू. मेथी संपली की सांगू. पण तुळजाबाई दुसऱ्या दिवशी पालक आणायच्या.

अर्धा बुंधा मात्र मागच्या दारात तसाच पडला होता, आणि त्यासाठी चेन हवी होती. गस्त घालणाऱ्यांचा डोळा चुकवून, तुटकी चेन कापडी पिशवीत घालून आनंदीबाई रविवार पेठेत बोहरी आळीत, हत्यारांच्या दुकानात गेल्या.

दुकानदाराने चेन हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "तेल कुठलं घालता?"

"कुठे?"

"संपलंच म्हणायचं," दुकानदार म्हणाला. "अहो, केसांना तेल लावता ना? हिलाही लागतं. टाकी असते करवतीला. ती रिकामी ठेवून चालवलीत, म्हणून चेन तापली, ताणली आणि तुटली. चालवतं कोण?"

"मी."

"तुम्ही?"

"का? बायकांसाठी वेगळी येते का?"

दुकानदाराने मग मुकाट्याने पात्याची लांबी विचारली, चेनच्या आतल्या कड्या मोजल्या आणि तशीच नवी काढली. नवी चेन आधी तेलात भिजत ठेवा, म्हणाला. बसवताना वरच्या बाजूच्या दातांची तोंडं पुढे, पात्याच्या टोकाकडे. उलटी बसवलीत तर कापणार नाही, नुसता धूर काढेल. ताण इतकाच, की ओढली तर थोडी उचलावी आणि सोडली की परत जाग्यावर बसावी. आनंदीबाईंनी मान डोलावली. शिवणयंत्राच्या दोऱ्याचा ताण त्या मुलींना याच शब्दांत शिकवायच्या. दात बोथट झाले की घासायला म्हणून त्यांनी एक गोल कानसही घेतली.

परतताना फाटकातच पानशांनी गाठलं. "एकट्या कुठे गेला होतात?"

"चेन आणायला," आनंदीबाई बोलून बसल्या.

"नवीन? इतक्यात? याला म्हणतात हिंमत!" पानशांनी ही हिंमत लगेच गल्लीच्या ग्रुपवर घातली, आणि तासाभरात व्हरांड्यात बायका जमल्या. "दाखवा ना काकू! घालून दाखवा!"

आनंदीबाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या. "आत्ता नाही दाखवता येणार. तेलात भिजत घातलीय."

"तेलात? सोनं?"

तेवढ्यात कोपऱ्यातून तुळजाबाई शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडं बी तसंच करत्यात. नव्या चेनला तेल पाजावंच लागतं." बेलदऱ्यांकडे सोनं किती हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे त्यापुढे कोण काय बोलणार? दोघींनी तर घरी जाऊन आपल्या चेनी खोबरेल तेलात घातल्या, असं मागून कळलं.

रात्री सौमित्रचा फोन आला. पानशांनी त्याचा नंबर मिळवून त्याला कळवलं होतं. "आई, चेन गेली म्हणे! कुठली? तुझी तर लॉकरमध्ये आहे ना?"

"ती नव्हे रे. तू पाठवलेली."

आनंदीबाई पुढे 'करवतीची' म्हणणार होत्या, पण तेवढ्यात तो म्हणाला, "आई, मी या रविवारी येतो. नक्की येतो." आनंदीबाईंनी फोन ठेवला. येतोय ना, मग आल्यावर सांगू.

सौमित्रने सोन्याची चेन पाठवलेली नव्हती. म्हणजे ती उत्कर्षाने, त्याच्या बायकोने, परस्पर पाठवली असणार. किती मोठं मन, असं वाटून त्याला भरून आलं होतं. उत्कर्षाला हे कळलं; पण तिने तर काही पाठवलेलं नव्हतं. म्हणजे याने आईला सोनं घेतलं आणि आपल्याला कळूही दिलं नाही! असे दोघे रविवारी सकाळी एकाच गाडीतून आले. तो सद्गदित, ती धुमसत.

त्याच रविवारी कचरूचा 'उद्या' उजाडला.

डोक्यावर हेल्मेट, पाठीला पिशवी, अशा थाटात तो मोटारसायकलवरून आला आणि आनंदीबाईंच्या फाटकापाशी घुटमळून आत डोकावू लागला. शिट्ट्या वाजल्या. चारी बाजूंनी काठ्या धावल्या. सौमित्र-उत्कर्षा चहाला बसतात न बसतात तोच अंगणात गलका झाला. आनंदीबाई बाहेर येऊन बघतात तो काय, अख्खी गल्ली त्यांच्या अंगणात आणि मधोमध कचरू. पानशांनी त्याची कॉलर धरलेली.

"अवो, सोडा की! मी झाड कापाया आलोय!"

"कुठलं झाड?" पानसे गरजले.

"मागं पडलंय त्ये."

"ते पडून महिना होत आला! एवढ्या दिवसांनी कोण येतं?"

"उद्या येतो म्हनलो व्हतो ना," कचरू कळवळून म्हणाला.

चौकीवर आधीच फोन गेला होता. रविराज नावाचा तरुण हवालदार मोटारसायकल लावून आत आला. "पिशवी उघडा बघू," तो म्हणाला. पिशवी उघडायचा मान पानशांनी स्वतःकडे घेतला. आत हात घातला, चाचपलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "सापडली! चेन सापडली!"

त्यांनी हात उंच केला. हातातून काळी, तेलकट, दातेरी चेन लोंबत होती. तिचं तेल त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर टपटप गळत होतं. गल्ली आ वासून बघत राहिली.

"ही... ही तुमची?" पानशांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"आजी, नीट बघून सांगा," रविराज म्हणाला. "नसेल तर नसेल. पण याला चौकीवर न्यावंच लागेल. गल्लीची तक्रार आहे."

कचरूने आनंदीबाईंकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता आणि शर्टाचं एक बटण तुटून गेलं होतं. आनंदीबाईंनी अंगण भरून उभी असलेली माणसं पाहिली. स्वराली, डबा पाठवणाऱ्या, शिरा करणाऱ्या, काठ्या घेतलेले. आपल्या अंगणात इतकी माणसं पुन्हा कधी यायची नाहीत, हे त्यांना लख्ख दिसलं. मग त्या पायरी उतरून खाली आल्या.

"कॉलर सोडा त्याची," त्या म्हणाल्या. "ही चेन त्याच्या करवतीची आहे. माझीही अशीच होती. चोरीला नाही गेली, तुटली. नवी आत तेलात आहे."

आनंदीबाई आत गेल्या. एका हातात करवत, दुसऱ्या हातात पातेलं घेऊन बाहेर आल्या. आता लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि एवढी माणसं जमलीच होती तर काम तरी पुरं व्हावं. क्लासमध्ये शिकवायच्या तशा मांडी घालून त्या पुढच्या ओट्यावर बसल्या. झाकण उघडलं, पात्याच्या खाचेतला भुसा जुन्या टूथब्रशने काढला, चेन निथळून खाचेत बसवली. "वरच्या दातांची तोंडं पुढे," त्या कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाल्या. पेच आवळला, चेन चिमटीत धरून ओढली, सोडली. ती जाग्यावर बसली. टाकीत तेल भरलं. मग त्या मागच्या अंगणात गेल्या, आणि गल्ली मुकाट्याने त्यांच्या मागोमाग गेली. बटण दाबताच करवत बुंध्यात उतरली. धूर नाही, अडखळणं नाही. पिवळाधमक भुसा उडाला आणि एक ओंडका सुटून पानशांच्या पायाशी घरंगळत आला.

"झकास बसवलीय, आजी," रविराज म्हणाला. कचरूनेही मान हलवली.

"म्हणजे आम्ही इतके दिवस गस्त घातली ती करवतीसाठी?" पानशांना कंठ फुटला.

"तुम्ही विचारलंत काय शोधताय, मी म्हटलं चेन."

"कसली ते सांगितलं नाहीत!"

"कसली ते कुणी विचारलंच नाही. जड होती का, एवढंच विचारलंत." एवढं बोलून आनंदीबाई थांबल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "पण मला सांगता आलं असतं. नाही सांगितलं, हे खरं."

पानशांनी सदऱ्यावरच्या डागाकडे पाहिलं. "सदऱ्याचं काय, तो जाईल धुवायला. पण यापुढे आपलं काही गेलं, तर त्याचं पूर्ण नाव सांगत चला," असं म्हणून ते निघाले. मागोमाग गल्लीही पांगली. बायका जाताना एकमेकींशी कुजबुजत होत्या. आपापले डबे मात्र कुणी विसरलं नाही. हवालदार गेला. "मग आता वंडकं उचलाया उद्या येतो," असं सांगून कचरूही गेला.

सौमित्रने करवत हातात घेऊन पाहिली. "आई, तू ही एकटीने चालवत होतीस? मला सांगितलं असतंस तर..."

"तर?"

"तर हेल्मेट पाठवलं असतं," तो म्हणाला.

उत्कर्षा मात्र खो खो हसत सुटली. नवऱ्याने आईला सोनं घेतलेलं नाही, हे कळल्यापासून तिचा जीव भांड्यात पडला होता. ती सासूबाईंच्या शेजारी बसून पोटभर जेवली. दोघं चारला निघाले; उशीर झाला तर वाकडला ट्रॅफिकमध्ये अडकायला होतं. सोमवारी गल्लीत नवी पाटी लागली: 'काही हरवल्यास वस्तूचे पूर्ण नाव व उपयोग कळवावा. आदेशावरून.'

सोमवारी कुणी आलं नाही. गस्त बंद झाली होती. स्वरालीचा लॅपटॉप तिच्या घरी गेला. आनंदीबाईंनी उरलेला बुंधा कापून संपवला, आणि मग कापायला काहीच उरलं नाही. मागचं दार उघडं झालं. दुपारी त्यांनी सवयीने दोन कप चहा टाकला आणि एक बराच वेळ झाकून ठेवला. संध्याकाळी तो कोरफडीला ओतला. त्यांना कुणाचा राग नव्हता. आपणच माणसं उसनी आणली होती. ती परत गेली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. काखेत पिशवी घेऊन तुळजाबाई आत आल्या, नेहमीच्या जागी टेकल्या आणि पदराने वारा घेऊ लागल्या, जणू मध्ये काही झालंच नव्हतं.

आनंदीबाई समोर येऊन बसल्या. "तुम्हांला राग नाही आला?"

"कशाचा?"

"मी फसवलं सगळ्यांना."

"मला कुटं फसवलंसा?" तुळजाबाई म्हणाल्या. "पयल्या दिवशीच हात धुवाया मागं गेले व्हते. वट्यावर मशीन पडल्यालं, चेनीबिगर. खडकवासल्याच्या बाजूला आमचं थोडं रान हाय अजून; पोरं त्याच मशीननं बाभळी काढत्यात. मला कळंना व्हय?"

"अहो, मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

तुळजाबाईंनी जरा वेळ रस्त्यापलीकडच्या आपल्या चौथ्या मजल्याच्या गॅलरीकडे पाहिलं. "बोलले असते, तर त्याच दिवशी चा पिऊन उठावं लागलं असतं," त्या म्हणाल्या.

बाहेर कुणाचं तरी काँक्रीटचं मशीन घरघरत होतं. मग तुळजाबाईंनी पिशवी पुढे सरकवली. "आज भाजी न्हाई आणली. आमच्या मशीनची चेन हाय. पार बोथट झालीया. तुमाला येतं म्हणून आणली. घासून द्याल का?"

आनंदीबाईंनी चेन बाहेर काढली. एका दातावरून हलकेच अंगठा फिरवला. धार अंगठ्याला झोंबली. सगळ्या दातांवरचा कारखान्यातला रंगसुद्धा अजून उडाला नव्हता. चेन एकदाही लाकडाला लागलेली नव्हती. त्यांनी तुळजाबाईंकडे पाहिलं. तुळजाबाई अगदी लक्ष देऊन भिंतीवरची पाल बघत होत्या.

"अगदीच बोथट आहे हो," आनंदीबाई म्हणाल्या, आणि कानस आणायला उठल्या. "एका बसण्यात नाही व्हायची. उद्याही यावं लागेल तुम्हांला."